चौथा ठिपका

उदयसिंह घाडग्याला बोलायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि गप्प बसायला शिकवू बघणारे सगळे हात टेकून बसले होते. कराडात त्याचं टीव्ही-स्पीकरचं दुकान. गिऱ्हाईक नसलं तर तो शेजारच्या चहावाल्यालाच धरून आवाजातले बारकावे समजावायचा, आणि तो बिचारा गॅस बारीक करून ऐकून घ्यायचा. असल्या माणसाला सांगलीच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला म्हटल्यावर विचारूच नका. विश्रामबागच्या मैदानावर भलामोठा मांडव पडला होता. एका अंगाला फरशा आणि नळ, दुसऱ्या अंगाला सोफे आणि झुंबरं, आणि मधोमध काळे पडदे लावून केलेली उदयसिंहची खोली. आत दोन रांगांत चार-चार खुर्च्या, समोर भिंतभर पडदा, कोपऱ्यांत नवे स्पीकर आणि टेबलावर एक काळा डबा.

घरातली गाणी, पिक्चर, लग्नाच्या शूटिंगा, बारशाचे फोटो, सगळं त्या डब्यात भरून ठेवायचं आणि कुठल्याही खोलीत बसून मागायचं. आता डबे काय, पुष्कळ कंपन्यांचे निघालेत. खरी करामत स्पीकरांत होती. कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय ते स्पीकर आपलं आपण ओळखायचे आणि ज्याच्या त्याच्या कानाला बेताचा आवाज पोचवायचे. माणसाची छाती हलते, श्वास चालतो, ते म्हणे त्यांना कळतं. माणूस बसला की उदयसिंहच्या हातातल्या टॅबवर त्या खुर्चीच्या जागी हिरवा ठिपका उमटायचा, आणि उठला की ठिपकाही उठायचा.

"ह्ये चुकत न्हाई," उदयसिंह येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचा. "एक डाव माणूस चुकंल, ह्ये न्हाई."

आणि खरंच चुकलं नव्हतं. खुर्चीवर सामानाची पिशवी ठेवा, ठिपका नाही. कोट टांगा, तरी नाही. एक बाई मांडीवर झोपलेलं तान्हं घेऊन बसली, तर तिच्या ठिपक्याला चिकटून एक इवलासा ठिपका आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याहून आलेले कंपनीचे साहेबही खूश झाले. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी कुणाला द्यायची ते या प्रदर्शनावर ठरणार होतं. त्यामुळं शेवटच्या दिवशी साहेब स्वतः खोलीच्या तोंडाशी उभे होते.

त्याच दिवशी दुपारी पलूसचं एक घर आलं. ऋषिराज, त्याची बायको राजेश्वरी आणि त्याची आई चंद्राबाई. बागाईत ऊस, पाण्याच्या टाकीजवळ नवा बंगला, वास्तुशांत तोंडावर आलेली, हे ऋषिराजनं आल्याआल्याच सांगून टाकलं. राजेश्वरीला हॉलसाठी मोठा पडदा पाहिजे होता. चंद्राबाईला यातलं काहीच नको होतं. ती आपली काठापदराचं हिरवं पातळ नेसून, हातभर चुडा भरून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून लेकाच्या मागनं चालत आली होती.

"दादा, ह्यात फोटूबी ठेवता येत्यात न्हवं?" ऋषिराजनं खिशातला पेनड्राइव्ह काढून दिला. "आमच्या आबांचा हाय."

"येत्यात की. आबा आले न्हाईत व्हय?" उदयसिंह बोलून गेला. त्याची जीभ नेहमी डोक्याच्या आधी पोचायची.

ऋषिराज त्याला बाजूला घेऊन गेला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलला. आबा म्हणजे हंबीरराव, फौजेत हवालदार. ऋषिराज प्राथमिक शाळेत होता तेव्हा गस्तीला गेले आणि वरनं बर्फाचा कडा आला. बाकीचे जवान सापडले, हंबीरराव नाही. फौजेनं शोधलं, थांबली, मग गेले असं मानलं. गावानं चौकातल्या दगडावर नाव कोरलं. फक्त चंद्राबाईनं मानलं नाही. वटपौर्णिमेला ती अजून वडाला जाते, आणि बाया तिला वाट करून देतात, जरा जास्तच वाट करून देतात.

"गुरुजी म्हनत्यात, पुतळा करून अग्नी द्या, मग वास्तुशांत करा," ऋषिराज म्हणाला. "नव्या हॉलात आबांचा फोटू हार घालून लावायचा म्हनतोय मी. नुसता खिळा मारायला घेतला तर आई जेवन सोडती. फोटू आजून भितीला टेकून जमिनीवर उभा हाय. दार अर्धं उघडं ठिवून किती वर्सं बसायचं, सांगा तुमी."

हा पोरगा बापाला विसरायला निघाला नव्हता, त्याला बापाला घरात एक जागा द्यायची होती. उदयसिंहला ते कळलं, आणि नवल म्हणजे तो त्यावर काही बोलला नाही.

तिघंही आत आली. नवरा-बायको पुढच्या रांगेत डावीकडं बसली, चंद्राबाई मागच्या रांगेत कडेला. उदयसिंहनं दिवे मंद केले, पेनड्राइव्ह डब्याला लावला आणि पडद्यावर हंबीररावांचा फोटो उघडला. फौजेच्या कपड्यातला तरणाबांड गडी, मिशीत हसू दाबलेलं. त्याच्यापुढं मागच्या रांगेत बसलेली त्याची बायको आता त्याची आई शोभली असती.

उदयसिंहनं टॅब बघितला. ठिपके चार होते.

त्यानं पुन्हा मोजले. पुढं दोन, मागं दोन. चंद्राबाईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि टॅबवर तिथं हिरवा ठिपका होता, बाकीच्यांसारखाच, मंद लुकलुकणारा. उदयसिंह काळ्या पडद्यांमागं डोकावून आला. कुणी नव्हतं. त्यानं सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. खोली क्षणभर अंधारली, पडद्यावर हंबीरराव परत आले आणि टॅबवर चार ठिपके परत आले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काय न्हाई सर, चार दावतंय."

"आमी तर तिघं हाय," ऋषिराज हसला. "चौथं कोन?"

चंद्राबाईनं पडद्यावरची नजर काढली. "कुटं दावतंय?"

"तुमच्या शेजारच्या खुर्चीवर, काकी."

तिनं लगेच तिकडं बघितलं नाही. आधी पदर डोक्यावर घेतला, घरात वडीलधारं माणूस आल्यावर घेतात तसा. मग उठली, रांगेतनं पुढं आली आणि पुढच्या रांगेत पार उजव्या टोकाला बसली. तिच्या आणि सुनेच्या मध्ये एक खुर्ची रिकामी राहिली. मागच्या रांगेतले दोन्ही ठिपके विझले आणि पुढच्या रांगेत दोन नवे उमटले. एक चंद्राबाईचा. एक मधल्या खुर्चीवर.

राजेश्वरीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी तिनं त्या बाजूचा हात एकदम जवळ ओढला, उठली आणि नवऱ्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. मंडपात कुणीतरी फरशीचे भाव ओरडून सांगत होतं.

"म्या सांगत न्हवते?" चंद्राबाई म्हणाली. तिचा चेहरा नव्या नवरीसारखा फुलला होता. तिनं शेजारच्या खुर्चीच्या दांडीवर अलगद हात ठेवला. "सांजचं गोठ्यातनं येताना मागं पाय वाजत्यात. चूल पेटीवताना कुनीतरी दारात हुबं असतं. तुमी हसायचा. ऋषिराज, तुजं आबा हितं हायत."

तिनं आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. फुललेला चेहरा उतरत गेला.

"हितं हायत," ती सावकाश म्हणाली, "म्हंजी मग तिकडं न्हाईत."

त्या 'तिकडं'मध्ये तिनं नवऱ्याला आजवर सांभाळून ठेवलं होतं. बर्फाच्या पलीकडं कुठल्यातरी खेड्यात, डोक्याला मार लागून सगळं विसरलेला, परक्याची मेंढरं राखणारा हंबीरराव. त्याचे केस आता पिकले असतील, हेसुद्धा तिनं धरलं होतं. दात पडले असतील तर भाकरी कोण कुस्करून देत असेल, याची तिला काळजी असायची. तो माणूस तिकडं म्हातारा होत होता म्हणून ती इकडं कुंकू लावत होती. आणि आता एका दुकानदाराच्या मशीननं त्याला तिच्या शेजारी आणून बसवला होता.

तिनं खुर्चीवरचा हात काढून घेतला आणि उदयसिंहकडं बघितलं.

"बाळा, तू मगाधरनं सांगतुयास, ह्ये चुकत न्हाई. माजी शपत हाय तुला. चुकतं का ह्ये?"

उदयसिंहला सगळं एकदम दिसलं. दारात कान देऊन उभे असलेले साहेब. ओठ घट्ट मिटून बसलेला ऋषिराज, ज्याला आईच्या तोंडनं हेच ऐकायचं होतं. आणि ते कुंकू. घामानं ते जरासं ओघळलं होतं. आयुष्यभर तोंड चालवलेल्या माणसाला त्या घडीला जेमतेम एक वाक्य सुचलं.

"चुकतं, काकी. सकाळपास्नं चुकतंय."

"खरं?"

"वायरीत बिघाड हाय. मगा रिकाम्या खोलीतबी दोन मानसं दावली."

चंद्राबाईनं मोठा श्वास सोडला. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. "बरं झालं बाबा," ती म्हणाली. "लय बरं झालं. देव तुजं भलं करू दे." ती उठली आणि ताठ मानेनं बाहेर पडली. शेजारच्या खुर्चीकडं तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. बिघडलेल्या मशीनच्या खुर्चीकडं कोण कशाला बघेल?

ऋषिराजनं पेनड्राइव्ह उपटून घेतला. "तुमाला काय गरज हुती, दादा?" एवढंच बोलला आणि आईच्या मागनं गेला. साहेब मात्र पुष्कळ बोलले. गिऱ्हाइकासमोर आपलाच माल खोटा पाडणारा माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. एजन्सी आता मिरजेच्या दुकानदाराला जाईल, हेही सांगून ते चारचाकीत बसून पुण्याला गेले.

उदयसिंहनं मनाची समजूत घातली. गेली तर गेली एजन्सी, एका बाईचं कपाळ तर राहिलं. पडद्याबाहेर प्रदर्शन आवरायला लागलं होतं, उन्हं कलली होती. वायरी गुंडाळायला तो आत आला आणि टेबलावर पडलेल्या टॅबकडं सहज त्याची नजर गेली.

पुढच्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर ठिपका होता.

उदयसिंहला वाटलं होतं, जे काही होतं ते तिच्याबरोबर गेलं असणार. इतकी वर्षं तिच्या मागनं चालत आलेलं माणूस आणखी कुठं जाईल? पण ते जाणार कसं? ती आता दूर बर्फापलीकडच्या जित्या हंबीररावाकडं परत गेली होती, आणि शेजारी बसलेल्याला बिघाड म्हणून मागं टाकून गेली होती. बिघाड हे नाव त्याला उदयसिंहनं दिलं होतं. उदयसिंहला आधी भीती वाटली, मग लाज वाटली, आणि ती लाज भीतीपेक्षा वाईट होती. कुठल्या तरी बर्फातनं चालत घरापर्यंत आलेल्या माणसाला त्यानं एका वाक्यात बेवारशी केलं होतं.

मांडववाल्याचा गडी खुर्च्या गोळा करायला आला. एकीत एक घालत तो तिसऱ्या खुर्चीशी आला तसा उदयसिंह म्हणाला, "तेवढी राहू दे. माणूस बसलंय."

गड्यानं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, उदयसिंहकडं बघितलं आणि काही न विचारता निघून गेला.

उदयसिंहनं स्पीकर, डबा, पडदा सगळं खोक्यांत भरलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर रचलं. मग खोलीत येऊन त्या खुर्चीपुढं उभा राहिला. सरळ बोलला.

"आबा, माजी वाट पलूसवरनंच हाय. चला, घरी सोडतो."

त्यानं गाडीचं डावं दार उघडून धरलं. पार्किंगमधला पोरगा टकामका बघत होता, त्याला बघू दिलं. जरा वेळानं दार लोटलं, फिरून येऊन स्टिअरिंगशी बसला आणि गाडी सुरू केली. मैदानाच्या फाटकापर्यंत गेला असेल नसेल, तोच गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं. समोरच्या काचेखाली लाल दिवा लुकलुकत होता. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही, असं गाडी सांगत होती.

शेजारच्या सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. उदयसिंहनं गाडी कडेला घेतली. वाकून पट्टा ओढला, कुणाला घासणार नाही असा लांबून फिरवला आणि खिट्टीत बसवला. आवाज थांबला.

पलूसपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या घरच्यांना हे सांगितलं असतं तर बाकी सगळं पटलं असतं, एवढं पटलं नसतं.

पाण्याच्या टाकीजवळचा नवा बंगला त्याला विचारावा लागला नाही. गाडीचा उजेड अंगणात पडला तशी चंद्राबाई बाहेर आली. घरी येऊन तिनं तोंड धुतलं होतं आणि ताजं कुंकू लावलं होतं. उदयसिंहला बघून ती हसली, पण तो तिच्याकडं गेला नाही. तो उतरला, गाडीला वळसा घालून डावीकडं गेला, पट्टा सोडला आणि दार उघडून बाजूला उभा राहिला.

"काकी," तो म्हणाला, "मशीन चुकत न्हाई. मी खोटं बोललो."

चंद्राबाई त्या उघड्या दाराकडं बघत राहिली. गोठ्यात म्हैस हंबरली, आतनं राजेश्वरीनं कोण आलंय म्हणून विचारलं. हळूहळू हात वर गेला आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. मग वाटेतनं एक पाऊल बाजूला सरली, आत येणाऱ्याला जागा करून दिली, आणि घरात तोंड करून म्हणाली,

"ऋषिराज, आबांच्या फोटूला खिळा मार."