शेजारचा पाईप

सात वर्षं एका जंतूला फसवण्यात घालवली, याचा चिमीला भारी अभिमान होता. बाबांचा जन्म वायरमनकीत गेलेला, म्हणून तिने त्यांना ते त्यांच्याच भाषेत समजावलं होतं.

"जंतूला एक जीवनसत्त्व लागतं, ते तो स्वतःच बनवतो. ते बनवायच्या हुकमाची एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीच्या तोंडाशीच खटका. रायबोस्विच म्हणतात त्याला. जीवनसत्त्व पुरेसं झालं की ते खटक्यात जाऊन बसतं, चिठ्ठी दुमडते, काम बंद."

"म्हणजे टाकीतला फ्लोट."

"अगदी! आमचं औषध हुबेहूब त्या जीवनसत्त्वासारखं दिसतं. तेच खटक्यात जाऊन बसतं. टाकी कोरडी ठणठणीत, आणि मोटरला वाटतं भरलीये."

बाबांनी जरा विचार केला. "आणि त्याने शेजारच्या नळाला पाईप लावला तर?"

"जंतूला कुठला आलाय शेजारी, बाबा!" ती हसली होती.

आता तोच जंतू बाबांच्या कंबरेच्या हाडात ठाण मांडून बसला होता. बाकी सगळ्या औषधांनी हात टेकले होते. चिमीचं औषध अजून कुणाही माणसाला दिलेलं नव्हतं, पण मोठे डॉक्टर द्यायला तयार झाले. त्यांची अट एकच, बाबांच्या रक्तात जंतू मरताना दाखव.

अट ऐकून तिला हसू आलं. बाबांचा जंतू तिने प्रयोगशाळेत आठ तासांत मारला होता. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे जंतू तीनदा धुवायचे आणि त्या जीवनसत्त्वाचा कणही नसलेल्या पाण्यात वाढवायचे. नाहीतर खटका चालतोय की नाही, स्वच्छ कळत नाही. तिला शिकवणारे असंच करायचे, तीही तसंच करत आली. कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

रात्री तिने बाबांच्या रक्ताच्या नळ्यांत जंतू आणि औषध घालून ठेवलं, सकाळी नळ्या उजेडात धरल्या. पहिली नळी गढूळ होती, म्हणजे जंतू वाढले होते. दुप्पट औषधाची गढूळ. दहापटीची तर ताकासारखी. जंतू मजेत होते. खटका बंदच होता, औषधाने त्याचं काम चोख केलं होतं. पण रक्तात ते जीवनसत्त्व आयतं होतं, बनवायचे कष्ट घेतो कोण?

ती स्टुलावर बसली आणि सात वर्षांच्या हुशारीची तिला शिसारी आली.

दुपारी बाबा जेवणानंतरची गोळी हातात घेऊन तिची वाट बघत होते. अंगात ताकद यावी म्हणून त्याच जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या तिनेच आणून दिल्या होत्या.

"मेला का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"पाईप?"

"हो."

"शेजारी कोण निघाला?"

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं लोकांच्या घरचे बिघाड शोधणाऱ्या माणसाला तेवढं पुरे झालं.

"मग ही बंद करू?" त्यांनी गोळी पुढे केली.

"नको, घ्या. ते तुमच्या रक्तात असतंच, बाबा. तो उपाशी मरायचा तर त्याच्या आधी तुम्ही..." तिने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

बाबांनी गोळी जिभेवर ठेवली.

"चला," ते म्हणाले, "दोघांचं भागलं."