बुलेटचं टेकण

वाटीच्या तळाशी नट बसले होते आणि वर रॉकेलचा तवंग – जांभळा, हिरवा, मध्येच पितळी – कंपाउंडमधल्या उन्हात हलत होता. वाटी विरजणाची होती. रोज रात्री उज्ज्वला ह्याच वाटीत दही लावायची, कडेने आतून तिचं बोट फिरायचं, काठावरचा चेपलेला भाग तिला अंधारातही ओळखू आला असता. आणि हा माणूस सकाळी ओट्यावरून हाताला लागेल ती वाटी उचलून खाली घेऊन आला होता, तिच्यात रॉकेल ओतून, गंजके नट भिजत घालून खुशाल शिटी वाजवत बसला होता. आता चिंचेने घासा नाहीतर राखेने, वास काही जायचा नाही. उज्ज्वलाच्या जिभेवर आत्ताच रॉकेलचं दही आलं. तिने पदर नाकाला लावला.

"अगं, तो दहा-अकराचा पाना दे." जयप्रकाशने वर न बघता हात मागे केला.

अशा मागे केलेल्या हाताशीच तर तिने अकरा वर्षं संसार केला होता. हात मागे यायचा, त्यात पाना, डबा, टॉवेल, चहाचा कप, जे हवं असेल ते ठेवायचं, हात पुढे जायचा. तिने पाना ठेवला. हात पुढे गेला.

परवा पहाटे दोघं बुलेटवरून गणपतीपुळ्याला निघणार होते, आणि त्यासाठी मागच्या सीटला हे टेकण बसवणं चाललं होतं. शुक्रवारी तो ते वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि थेट स्वयंपाकघरातल्या जेवायच्या टेबलावर ठेवलं – दोन वाकवलेले पाइप, त्यांवर काळ्या रेक्झिनची उशी, खाली दोन खिट्या. "बॅकरेस्ट. तुझ्या पाठीसाठी," तो म्हणाला होता. "आणि बघ, खिट्या ओढल्या की निघतं. हवं तेव्हा लावा, नको तेव्हा काढा." ऑफिसातल्या मारियाचा भाऊ मस्कतला चालला होता, त्याची गाडी विकली गेली, हे मागे उरलं, ते ह्याने उचललं. अकरा वर्षं पाठ दुखल्यावर वरातीमागून घोडं आलं, तरी आलं खरं, असं म्हणून तिने तेव्हा टेबल पुसलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी तर एका बाजूने बसते.

लग्नापासून तशीच. साडी सावरून, दोन्ही पाय डावीकडे, उजवा हात त्याच्या खांद्यावर, डावा मागच्या दांडीला घट्ट. तसं बसणाऱ्या बाईच्या पाठीमागे रस्ता असतो, टेकण नसतं. ते टेकण तिच्या डाव्या खांद्यात टोचेल, दांडी धरायची जागा अडवेल, बस, एवढाच त्याचा उपयोग. टेकायचं तर पाय टाकून बसायला हवं, पुरुषासारखं, गाडीच्या दोन्ही अंगांना. मग हे कुणाच्या पाठीसाठी? कोण बसणार होतं पाय टाकून? हवं तेव्हा लावा, नको तेव्हा काढा...

मारियाला तिने एकदाच पाहिलं होतं, वाशीला ऑफिसच्या गॅदरिंगमध्ये. पँट, बिनबाह्यांचा टॉप, हसताना सगळे दात. कार्यक्रम संपल्यावर ती कुणाच्या तरी मोटरसायकलवर टांग टाकून बसली होती, इतकी सहज, की उज्ज्वलाला रागच आला. आज सकाळी टेकण पुसायला घेतलं तेव्हा उशीच्या शिवणीत एक केस अडकलेला निघाला. लांब, तांबूस. ओढला तरी येईना. आत कुठेतरी फोमपर्यंत गेलेला होता. सुटला तेव्हा बोटाला चिकटून राहिला, आणि ते बोट तिने तीनदा साबणाने धुतलं. रेक्झिनला वासही होता, दुसऱ्याच्या घामाचा, मुरलेला, त्यात तुर्भ्याच्या कारखान्यांकडून वाऱ्यावर येणारी ती कुजक्या अंड्याची घाण मिसळलेली. सगळ्या सानपाड्याला तो वास सवयीचा. आज तिला तो ह्या उशीतूनच येतो आहे असं वाटत होतं.

विचारावं का? – पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालेलं उत्तर घेऊन परत ह्याच घरात पोळ्या लाटायच्या असतात. त्यापेक्षा त्याच्या कानांकडे लक्ष ठेवावं. जयप्रकाश खोटं बोलला की कान लाल होतात. बाहेर वडे खाऊन आला आणि "भूक नाही" म्हणाला की पाळ्या पेटलेल्या. शुक्रवारी "तुझ्या पाठीसाठी" म्हणाला तेव्हा स्वयंपाकघरातला बल्ब गेलेला होता, कान दिसलेच नव्हते.

"हे बघ, टेकणाची पट्टी मडगार्डवर जिथे येते तिथेच नेमकी नंबरप्लेट आहे," तो गाडीला सांगत असल्यासारखं सांगत होता. "तेव्हा प्लेट हलवायची. मागे जागा नाही. इथे, डाव्या अंगाला. ही जाळी काढली की तिच्याच भोकांत बसते. बाहेरच्या गाड्यांना असंच असतं, फोटोत बघितलंय मी."

डावीकडची जाळी. जिच्यामुळे तिचा पदर इतकी वर्षं चाकात गेला नव्हता. जाळीखालची ती लोखंडी पट्टी, जिच्यावर तिची पावलं असायची, बाटाची चप्पल घासून घासून मध्यभागी जिचा रंग उडाला होता. त्याने पाना लावला, नट करकरले, आणि जाळी तिच्या पायाशी खडखडून पडली. जाळीला वर्षानुवर्षांची घाण चिकटली होती, ग्रीस, चिखल, कसली तरी पिसं. इतकं उघडं? दिवसाढवळ्या, माझ्याच हातून पाने घेऊन माझी जागा काढतोय हा, आणि वर शिटी? ह्या माणसाच्या ताटातलं उष्टं आपण कधी खाल्लं होतं, हे आठवून तिला स्वतःच्या तोंडाचीसुद्धा किळस आली.

ह्याच गाडीवर एकदा, लग्नाच्या पहिल्या वर्षी, ती बहिणीचा पंजाबी ड्रेस घालून पाय टाकून बसली होती. पनवेलच्या वाटेवर. वारा दोन्ही कानांत सारखा येत होता, समोरचा रस्ता पहिल्यांदा समोर दिसत होता – त्याच्या खांद्यावरून का होईना – आणि ती काहीतरी मोठ्याने बोलली होती, काय ते आता आठवत नाही. वळणावर त्याने गाडी थांबवली. "उतर. लोक बघतायत. आईच्या कानावर गेलं तर? नीट बस." ती उतरली आणि नीट बसली. मालतीबाई, म्हणजे सासूबाई, जाऊनही चार वर्षं झाली, पण ती नीटच बसत राहिली. मागच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी कमरेवर बोट दाबून विचारलं, "कुठे वाकडं बसता का तासन्‌तास?" ती म्हणाली, नाही हो.

"काय साहेब, गाडीला खुर्ची लावली काय?"

तळमजल्यावरचे बाजीराव बनियनवर बाहेर आले होते, तळहातावर तंबाखू. मूळचे सानपाडा गावातले. जमिनी गेल्या, आता दोन गाळे भाड्याने आणि दिवसभर पानपट्टीवर बैठक. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, टेकणाला हात लावून हलवून पाहिलं आणि थांबले.

"पन साहेब, वैनी तं एका अंगानं बसतात. मी बगतो ना पानपट्टीवरशी. मंग त्या पाठ कुटं टेकनार?"

हा परका माणूस रोज बघतो, ह्याचंही तिला ओंगळ वाटलं असतं एरवी. पण आत्ता तिची नजर जयप्रकाशच्या कानांवर खिळली होती. त्याने सीटकडे पाहिलं. टेकणाकडे पाहिलं. मग तिच्याकडे, पायांकडे, पुन्हा सीटकडे.

"एका अंगाने?" तो म्हणाला. "अरे... हो की."

कान लाल नव्हते. एका पाळीला ग्रीसचा ठिपका, बाकी स्वच्छ, लहान मुलासारखे.

"बायका तशाच बसतात, नाही का!" तो हसायला लागला, खरंखुरं, स्वतःवरच. "च्यायला, डोक्यातच आलं नाही. मी तिची पाठ पाठ करत बसलो... मग पाय टाकून बस की! ड्रेस घाल परवा. हल्ली सगळ्या बसतात. तुला कुणी अडवलंय?"

तिने त्याच्या चेहऱ्यावर पनवेलचं वळण शोधलं. कुठेच नव्हतं. विसरला होता असंही नाही; विसरायला आधी लक्षात राहावं लागतं. टेकण तिच्यासाठीच आणलेलं होतं. मनापासून. त्या पाठीचं दुखणं त्याला ठाऊक होतं, फक्त ती पाठ गाडीवर कशी बसते हे ठाऊक नव्हतं. मारिया नव्हती, काहीच नव्हतं, आणि दोन रात्री पोटात धरून ठेवलेली ती संशयाची घाण एकदम कुठे टाकावी हे तिला कळेना. खोटं बोलायलासुद्धा समोरचा माणूस दिसावा लागतो. ह्याच्या कानांना लाल व्हायचं कारणच पडलं नव्हतं.

"बस ना, बघू तरी," तो पुढे चढून हँडल धरून म्हणाला.

नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने साडी गुडघ्यापर्यंत खोचली. बाजीरावांनी चुना शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. ती पाय टाकून बसली. गार, चिकट रेक्झिन ब्लाउजमधून पाठीला लागलं, तो घामाचा वास भोवती आला, अंगावर शहारा उठला – आणि पाठ टेकली. कमरेतली ती जुनी गाठ सैल झाली. मग खांदे. मग मान.

"कसं वाटतंय?" समोर भिंतीकडे बघत त्याने विचारलं.

"बरं वाटतंय," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि त्याचीच तिला आतापर्यंतची सगळ्यात मोठी शिसारी आली.

खाली विरजणाच्या वाटीत तवंग स्थिर झाला होता. उज्ज्वलाने डोळे मिटले आणि मारियाला हाक मारून पाहिली – ती पँट, ते सगळे दात, तो तांबूस केस – निदान तू तरी ये, म्हणजे मला ह्याला काहीतरी म्हणता येईल. कोणीच आलं नाही. आता उतरायला हवं, असं तिने स्वतःला सांगितलं. पाठ उठली नाही.