सेफेरने आपल्याच गावावर केलेला गोल

सेफेर पहिल्यांदा सरावाला आला तेव्हा आमच्या होजांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, कपाळाला हात लावला. अठरा वर्षांचा आडदांड गडी, बापाच्या होडीवर जाळी ओढून खांदे भरलेले. पण चेंडू पायाशी आला की भिंतीवर आपटल्यासारखा लांब उडायचा.

"तुझ्याकडे फुफ्फुसं आहेत," होजा म्हणाले. "बाकी काही नाही."

"मग तेवढ्यावर सुरू करू या, होजा."

मी तेव्हा त्याच संघात बचावाला खेळायचो. पहाटे समुद्रावरून मासळी उतरवून हा थेट मैदानावर यायचा. मला अबी, म्हणजे दादा, म्हणायचा आणि सराव संपला तरी सोडायचा नाही. "झेकी अबी, अजून थोडं. या अंगावर, काढून दाखवा चेंडू." घरी जेवण थंड व्हायचं. बायको म्हणायची, "त्याच्याशीच लग्न करायचं होतं!"

प्रेक्षक त्याला सुरुवातीला 'ओंडका' म्हणून चिडवत. नंतर तेच लोक त्याच्या नावाने घसा फोडू लागले. त्याचे गोल देखणे नसत. कधी नडगीला लागून, कधी गुडघ्याला, एकदा तर मानेला लागून चेंडू आत गेला. पण चेंडू जिथे पडेल तिथे तो आधीच पोचलेला असायचा. वर्षानुवर्षं आमच्या काळ्या समुद्राकाठच्या त्या लहानशा क्लबला त्यानेच तारलं.

तिशी उलटल्यावर अध्यक्षांना कोवळा स्ट्रायकर हवासा वाटला. सेफेर आतल्या मुलखातल्या एका क्लबकडे गेला. पुढे एका हंगामाचा शेवटचा सामना नेमका त्याच्या संघाशी, आमच्याच मैदानावर आला. आम्ही हरलो तर खालच्या विभागात जाणार होतो. त्यांचं काहीच अडलेलं नव्हतं.

त्या सकाळी सेफेर बापाला भेटायला शाबानच्या चहाच्या दुकानात आला. मीही तिथेच होतो. शाबानने चहा ठेवला आणि हळूच म्हणाला, "आज जरा कंबर धरल्याचं निमित्त केलंस तर काय बिघडेल रे तुझं?"

त्याचा बाप, होडीचा मालक म्हणून सगळे ज्याला इद्रिस रेईस म्हणत, त्याने पेला खाली ठेवला.

"शाबान, ओळखीच्या गिऱ्हाइकाला तू पाणचट चहा देतोस का?"

"असं कसं देईन, रेईस?"

"मग त्याला काय सांगतोस?"

सामन्यात सेफेरला अडवायचं काम माझ्याकडे होतं. त्याने माझा पिट्ट्या पाडला. पोटऱ्यांत गोळे आले. "दम घे की रे, म्हातारे झालो आपण," मी म्हणालो. "तुम्ही घ्या, अबी," म्हणत तो पुन्हा सुटला. बरोबरी होती, शेवटची काही मिनिटं उरली होती. कॉर्नर आला. त्याचा शर्ट माझ्या मुठीत होता, तरी तो उडाला आणि चेंडूला डोकं लावलं. गोल!

त्याने हात उंचावले नाहीत. मान खाली घालून मध्यरेषेकडे चालत गेला. चहूबाजूंनी शिव्यांचा पाऊस. त्या गर्दीत एकटा इद्रिस रेईस उभा राहून टाळ्या वाजवत होता.

त्यांची बस मैदानाच्या मागच्या दाराला लागली होती, तरी सेफेर पुढच्या दाराने बाहेर आला. तिथे लोक दबा धरूनच होते. पुढे शाबान, डोळे लाल.

"आमचं मीठ खाल्लंस ना रे?"

"खाल्लं, शाबान अबी. म्हणूनच पळालो. अंग चोरलं असतं तर याच गावाचं नाव गेलं असतं."

शाबान बाजूला झाला, तशी मागची माणसंही झाली.

उन्हाळ्यात सेफेर आपण होऊन क्लबच्या कचेरीत आला. "खालच्या विभागात खेळायला ओंडका चालेल का?" अध्यक्षांनी उठून खुर्ची दिली. त्या वर्षी त्याने फारसे गोल केले नाहीत. धावून धावून दोन-दोन बचावपटू अंगावर ओढायचा आणि रिकाम्या जागेतून आमची तरणी मंडळी गोल करायची. हंगामाअखेर आम्ही पुन्हा वर आलो, आणि त्याने कायमचे बूट उतरवले.

सगळ्यांत अवघड स्ट्रायकर कोण भेटला, असं मला अजून विचारतात. मोठ्या क्लबांचे मोठे खेळाडू मी अंगावर घेतलेत. पण मी छाती काढून सांगतो: सेफेर, इद्रिस रेईसचा. आमच्या गावचा.