आधी नळीला पाजा

मी एक जुनी, लाल रबराची सलाईनची नळी आहे. हसू नका मित्रांनो! बालाघाटच्या आमच्या दवाखान्यात वर काचेची बाटली लटकायची, खाली आजाऱ्याच्या हातात सुई असायची, आणि मधला सगळा प्रवास माझ्या पोटातून व्हायचा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवते ती ललिता सिस्टर. ती मला धुवायची, उकळायची, स्वच्छ फडक्यात गुंडाळायची. उकळत्या पाण्यात जीव नकोसा व्हायचा, पण बाई मोठी मायाळू. "चाल व माही गुणाची," म्हणत मला बाटलीला जोडायची. मलेरियाचे, हगवणीचे कितीतरी आजारी बरे होऊन घरी गेले, तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

मग चौऱ्याहत्तर साली किरनापूरहून विमलाबाई आली. साखरेच्या आजाराने पार बेशुद्ध. सोबत सासू, शेवंताबाई. डॉक्टरांनी नवीनच वाचलेल्या रीतीने बाटलीतल्या पाण्यात इन्सुलिन मिसळलं आणि माझ्यातून थेंब थेंब सोडलं. साखर कळायची ती लघवी निळ्या औषधात तापवून. साखर नसली तर रंग निळाच राहायचा, थोडी असली तर हिरवा-पिवळा, फार असली तर विटेसारखा लाल व्हायचा. विमलाबाईचा लालच येत होता. ललिता प्रत्येक बाटलीला मला धुऊन, उकळून लावत होती, तरी लालच. बाईचा श्वास जड होत चालला.

डॉक्टर चिडले. "शेवंताबाई, खरं सांगा, हिले काही गोड पाजलं का तुम्ही?"

"अवो डाक्टरसाहेब! बेसुध पडलेल्या सुनेले मी काय जिलेबी चारू?" म्हातारी भिंतीकडे तोंड करून रडली. मला फार वाईट वाटलं. सुनेचा जीव टांगणीला, आणि वर हा आळ!

डॉक्टरांनी मग तेच इन्सुलिन सुईने सरळ शिरेत टोचलं. रंग लालवरून पिवळ्यावर आला. पुन्हा बाटली लावली, पुन्हा मी, पुन्हा लाल.

"औषध तेच, बाई तीच. मंग मधात कोण खाऊन राह्यलं?" असं म्हणत डॉक्टरांनी मला बोटांत धरलं. मी तर घामाघूम!

अहो, मी चोर नाही. इन्सुलिनलाच चिकटायची खोड. काच म्हणू नका, रबर म्हणू नका. ते माझ्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं. भिंत भरली की पुढचं सुखरूप जातं. पण मी दर वेळी धुऊन कोरी, म्हणजे दर वेळी नव्याने उपाशी.

"ललिता, आधी नळीले पाज, मंग बाईले," डॉक्टर म्हणाले. ललिताने इन्सुलिनचं ते पाणी माझ्यातून भरपूर वाहू दिलं, फेकून दिलं, आणि मगच सुई जोडली. दोन बाटल्यांच्या मधे मला धुतलंही नाही. रंग हिरवा झाला, मग निळसर. विमलाबाईने डोळे उघडले. "आत्याबाई, पाणी," म्हणाली.

डॉक्टर म्हातारीपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलो माय. उगाच तुमच्यावर आळ घेतला."

"जाऊ द्या जी. ही नळी पाहुणी म्हना, आमच्या घरीबी पाहुण्यालेच आधी वाढते!" सगळे हसले.

आता प्लास्टिकच्या नळ्या आल्या. मी चिरा पडून कपाटात पडले आहे. त्या नखरेल पोरी म्हणतात, "आम्ही नाही बाई पीत!" पितात बरं, एखादं औषध त्याही पितात. मोठ्या शहरांत तर रक्त बाहेर काढून शुद्ध करणारी यंत्रं आली म्हणे, नुसत्या नळ्याच नळ्या. त्याही आपला वाटा घेणारच.

म्हणून मित्रांनो, आम्हाला जपा, स्वच्छ ठेवा, आणि आमची तहानही ध्यानात ठेवा. औषध लागू पडलं नाही, तर उशाशी बसलेल्या माणसावर आधी बोट दाखवू नका. शेवंताबाई हसली खरी, पण मी खाटेशेजारीच लटकत होते, मी पाहिलं. सुनेला पाणी पाजून झाल्यावर ती पुन्हा भिंतीकडे वळून डोळे पुसत होती.