कन्नडचा तास

प्रणिता निपाणीकडच्या जैन घरातली. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा तिला घरातच आल्या होत्या. बेळगावजवळच्या एका मराठी हायस्कूलमध्ये ती दहावीला कन्नड शिकवायची. जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर तपासले, तर निम्मा वर्ग नापास. ऋतिका गणितात सगळ्यांच्या पुढे, पण तिचा कन्नडचा पेपर जवळजवळ कोरा होता.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, काहीतरी करा. कन्नडमुळं निकाल पडला तर पुढच्या वर्षी वर्गात मुलं उरणार न्हाईत."

काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. प्रणितानं चित्रं लावली, गट पाडले, कविता चालीवर म्हणून घेतल्या. मुलं तिच्याबरोबर गायची आणि प्रश्न विचारला की माना खाली घालायची. तास संपला की स्टाफरूममध्ये बसून ती पुढचा तास आखायची, खोडायची, पुन्हा आखायची.

एका रविवारी बेळगावच्या भाजीबाजारात तिला ओळखीचा आवाज ऐकू आला. "कम्मी आगंगिल्ल री, तगोळ्री!" कमी होणार नाही, घ्या! कोथिंबिरीच्या ढिगामागं ऋतिका आपल्या आईशेजारी बसली होती आणि एका बाईशी सरसर कन्नड बोलत होती. हिला येतंय की! प्रणिता तशीच मागं फिरली आणि घरी जाऊन सोमवारचा तास बाजाराचा आखला.

सोमवारी टेबलावर कांदे, वांगी मांडली. मोठ्या उत्साहात ती म्हणाली, "ऋतिका, तू विकायचंस. काल बाजारात किती छान बोलत होतीस!"

ऋतिका पुढं आली आणि उभीच राहिली. मागच्या बाकावरून स्वरूप ओरडला, "ए कोतमीरवाली!" वर्ग खदखदून हसला. ऋतिका तशीच जागेवर जाऊन बसली. मंगळवारी ती शाळेत आली नाही, बुधवारीही नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर प्रणिता कंग्राळीला तिच्या घरी गेली. आई मनुबाई दारातच म्हणाली, "बाई, तिला सगळ्यांसमोर उभं का केलासा? आमी भाजी इकतो, त्याची आमाला लाज न्हाय. तिला हाय. वयच तसलं हाय."

"माझं चुकलं," प्रणिता म्हणाली. आतून ऋतिका बाहेर आली, पण बसली नाही.

"बाजारात चुकलं तर गिऱ्हाईक परत इचारतंय, टीचर," ती म्हणाली. "वर्गात सगळी बघत बसत्यात."

परीक्षा तोंडावर आली होती आणि इतके दिवस आपण मुलांना नुसतं उभं करत आलो, हे प्रणिताला तिथं, त्या दारात कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कुणालाच पुढं बोलावलं नाही. दोघं दोघं शेजारी बसायचे, एकमेकांना विचारायचे, हळू आवाजात. ती बाकांमधून फिरायची, चूक ऐकली की वाकून योग्य वाक्य म्हणायची आणि पुढं जायची. ऋतिका सोमवारी परत आली. पहिले काही दिवस ती शेजारणीशीही बोलली नाही. मग बोलू लागली. पण लिहिणं वेगळं, बोलणं वेगळं, आणि दिवस फार थोडे होते. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत प्रणिताला नीट झोप लागत नव्हती.

निकाल लागला. ऋतिका काठावर पास झाली. चौघं नापास झाले, त्यात स्वरूप होता. फोन केला तर तो उचलेना. शेवटी प्रणिता उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत, त्याच्या मामाच्या वर्कशॉपवर गेली. हाताला तेल लागलेलं, तो तिच्याकडं बघेना.

"सोडा टीचर. माझ्यानं न्हाय व्हायचं."

"पुन्हा परीक्षा आहे, स्वरूप."

"तुमी माझ्यावर चिडला न्हाईसा? तिला मी चिडवलेलं की."

"चिडले होते," ती म्हणाली. "सुट्टी कधी असते तुला? त्या दिवशी शाळेत शिकवीन."

त्यानं हातातला पाना पुसला. "इतवारी," तो म्हणाला. "पण मी येईन असं न्हाय सांगत."

रविवारी सकाळी प्रणिता शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसली. नापास झालेले बाकीचे तिघं आले. त्यांना जोडीनं बसवायला एक जण कमी पडत होता, म्हणून तिसऱ्याच्या शेजारी ती स्वतः बसली आणि फाटकाकडं बघतच तिनं पहिला प्रश्न विचारला.