तिसऱ्या रिळाचे शेपूट

रीळ तपासताना आधी शेपूट पाहावे आणि तोंड नंतर, असा माझा नियम आहे. रिळाच्या तोंडाला जोडलेली कोरी पट्टी हाताळून फाटते आणि जो तो ती बदलतो. म्हणून तिच्यावर लिहिलेल्या आकड्याचा भरवसा धरता येत नाही. शेपटीची पट्टी सहसा मूळचीच असते आणि तिच्यावर भागाचा क्रमांक छापलेला असतो. हा नियम मला तंत्रनिकेतनात कोणी शिकवला नव्हता.

निवृत्तीनंतर मी आठवड्यातून तीन दिवस चित्रपटांच्या संग्रहालयात जुनी रिळे तपासतो. एका बंद पडलेल्या वितरकाच्या गोदामातून गेल्या महिन्यात चाळीस डबे आले. संग्रहालयाच्या प्रमुख बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या एक डबा स्वतः उचलून माझ्या टेबलाशी आल्या.

"काका, हा बघा. हॉलिवूडचा, पाच रिळांचा. याची धड प्रत कुठे उरली असेल असं वाटलंच नव्हतं. त्यांच्याकडेसुद्धा लोक विसरून गेलेत याला."

मी डब्यावरचे नाव वाचले आणि खुर्ची ओढून बसलो.

पन्नास वर्षांपूर्वी हा चित्रपट आमच्या थिएटरात एकदाच, एका दुपारी दाखवला गेला होता. थोरला भाऊ तिथे मुख्य ऑपरेटर होता आणि मी त्याच्या हाताखाली. यंत्रे तो चालवी. रिळे गुंडाळणे आणि तुटलेली फिल्म जोडणे माझ्याकडे असे. चित्रपट तेव्हाही जुनाच होता, पण वितरकाला त्यात काहीतरी दिसले होते. त्याने खास खेळ ठेवून वर्तमानपत्रवाल्यांना आणि गावातल्या जाणकारांना बोलावले होते.

गोष्ट तीन म्हाताऱ्या तिजोरीफोड्यांची होती. तारुण्यात चोरलेली एक वस्तू गुपचूप जागेवर ठेवण्यासाठी ते पुन्हा तीच तिजोरी फोडायला निघतात. त्यांतला घड्याळजी सगळ्यांत मिश्कील. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो मरतो. चौथ्या भागात उरलेले दोघे त्याला मूठमाती देतात आणि अर्धे राहिलेले काम पुरे करायला निघतात.

त्या दुपारी आमच्या पडद्यावर आधी मूठमाती झाली. मग वीस मिनिटांनी घड्याळजी दारात उभा राहून पायपुसण्यावर बूट घासू लागला. सभागृह हसून लोळले. कोणीतरी ओरडले, "म्हातारा परत आला, तिकीट काढलं का त्याने?" थिएटरचा मालक धावत आमच्या यंत्रांच्या केबिनमध्ये आला. दादा आदल्या रात्री आजारी तान्ह्या मुलाला घेऊन जागला होता आणि दुसऱ्या रिळाच्या वेळी क्षणभर स्टुलावर टेकला होता. तो एवढेच म्हणाला, "डोळा लागला असेल माझा. रीळ चुकीचं लावलं."

त्याच संध्याकाळी त्याची नोकरी गेली. पुढे त्याने कोणत्याही यंत्राला हात लावला नाही. खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहून त्याने आयुष्य काढले. सायकलवर मागे कोणाला बसवले नाही. नातीची शाळा घरासमोर, मध्ये फक्त रस्ता. पण तिला आणायला जाताना तो वहिनींना बरोबर घेई. "माझा भरवसा नाही," असे तो हसत म्हणे. घरच्यांना ती थट्टा वाटे.

त्या मंगळवारी मी एकेका रिळाचे पाचही डबे टेबलावर मांडले आणि तिसरा उघडून तोंडाची पट्टी सोडवली. तिच्यावर तीनचा आकडा होता, माझ्याच अक्षरातला. मग रीळ शेवटपर्यंत सोडवून शेपूट पाहिले. तिथे छापले होते: भाग चार. चौथ्या डब्यात याच्या नेमके उलटे.

त्या सकाळी दोन रिळांच्या पट्ट्या फाटलेल्या आल्या होत्या. मी पद्धतशीर माणूस. आधी दोन नव्या पट्ट्या कापल्या, त्यांच्यावर आकडे घातले आणि त्या खुंटीवर टांगल्या. मग टेबलावरच्या दोन उघड्या रिळांना त्या जोडल्या. रीळ कोणते, ते मात्र पाहिले नाही. एकेक पट्टी जोडून मग आकडा घालणारा गबाळा माणूस ही चूक करू शकला नसता.

बाई मागे उभ्या होत्या. तपासणीच्या तक्त्यात 'दोषाचे कारण' असा रकाना असतो. त्यात मी माझे नाव, तारीख आणि कृती लिहिली.

"काका, एवढं लिहायची गरज नाहीये. कुणाला कळणार आहे?"

"ज्याला कळायला हवं तो पलीकडच्या गल्लीत राहतो," मी म्हणालो.

दोन्ही पट्ट्या मी जोडासकट कापल्या आणि नोंदवहीत सही करून घरी नेण्यासाठी घेतल्या.

दादा खिडकीशी बसून कात्रीला धार लावत होता. ऐंशी वर्षांचा झाला, तरी हात स्थिर आहेत.

"या, इंजिनियरसाहेब. आज काय मोजायला आलात?"

"भावजी, आधी चहा टाकू की आधी वाद घालणार आहात?" वहिनींनी आतून विचारले.

"दादा, तो सिनेमा सापडला. तिजोरीवाल्यांचा."

कात्री थांबली. "जाळून टाका."

काय बोलायचे ते मी कागदावर चार मुद्द्यांत लिहून आणले होते. कागद खिशातच राहिला.

"तू रीळ चुकीचं लावलं नव्हतंस."

"मला सांगतोस? स्टुलावर मी बसलो होतो."

"बसला असशील. पण तू लावलंस ते तीन आकड्याचंच रीळ. आत भाग चौथा होता. पट्ट्या मी जोडल्या होत्या, उलटसुलट."

मी पट्ट्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. त्याने एक उजेडात धरून आकडा पाहिला. मग डोळे मिटून जोडाच्या जागेवरून अंगठा फिरवला, पूर्वी केबिनच्या अंधारात फिरवायचा तसा.

"कधी कळलं तुला?"

मंगळवारी, असे म्हणता आले असते. ते खोटेही ठरले नसते.

"खात्री मंगळवारी झाली. शंका त्याच दुपारी आली होती. खेळ संपल्यावर रिळं डब्यात मीच भरली, शेपूट वरच होतं. मी नजर वळवली. वाटलं, पाहिलं तर सांगावं लागेल."

आत कपबशांचा आवाज थांबला होता.

"पन्नास वर्षं," दादा म्हणाला.

"हो."

"तुझ्या लग्नाला मालक आला नाही म्हणून मी किती समजूत काढली होती तुझी. आठवतं?"

"आठवतं."

"माझ्यामुळे त्याने तोंड फिरवलं, म्हणून माफी मागितली होती मी तुझी."

वहिनी चहा घेऊन आल्या. दादापुढे कप ठेवला. माझा कप ट्रेमध्येच राहिला आणि त्या तो ट्रे तसाच आत घेऊन गेल्या.

चहा संपवून दादाने पट्ट्या गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "जोड चांगला आहे. अजून सुटला नाही." मग कात्री उचलत म्हणाला, "दाखवणार कधी?"

"रविवारी, दुपारी तीनला."

रविवारी तो वहिनी आणि नातीबरोबर आला. संग्रहालयाचे छोटे सभागृह भरले होते. मी त्याच्या शेजारी बसलो नाही. मागच्या रांगेत बसलो. भाग संपत आला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. दुसरे यंत्र सुरू करण्याची ती खूण. प्रेक्षकांना तो दिसत नाही. पहिल्या ठिपक्याला दादाचे बोट मांडीवरून वर झाले. दुसऱ्या रिळाच्या शेवटीही झाले.

घड्याळजी दारात आला, बूट घासू लागला, आणि लोक हसले. या वेळी ते त्याच्यासोबत हसले. तो जिवंत होता आणि त्याने हसवायचेच होते. वीस मिनिटांनी तो तिजोरीला कान लावलेल्या अवस्थेतच गेला. त्याचे मित्र कुजबुजत त्याला टोमणे मारत राहिले आणि उत्तर येईना. सभागृहात कोणी खोकलेही नाही. कोपऱ्यात ठिपका आला. दादाचे बोट वर झाले आणि चौथा भाग सुरू होऊन मूठमातीचे दृश्य दिसेपर्यंत ते तसेच राहिले. मग त्याने ते अलगद खाली ठेवले.

बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "काय सिनेमा आहे. इतकी वर्षं कुणी बघितलाच नाही."

"आम्ही बघितला होता," दादा म्हणाला. "वेगळ्या क्रमाने."

समोरच्या रस्त्यावर वाहनांची रीघ होती. वहिनी सवयीने नातीचा हात धरायला पुढे झाल्या. दादाने त्यांना थांबवले आणि स्वतःचा हात नातीपुढे केला. तिने एकदा आजीकडे पाहिले, मग धरला.

मीही पाऊल उचलले.

"इंजिनियर, तू थांब," तो वळून न पाहता म्हणाला. "तू मागून ये."

त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पुन्हा डावीकडे पाहिले. ती दोघे पलीकडच्या फुटपाथवर पोहोचेपर्यंत मी आणि वहिनी काठावर उभे होतो.