अर्थिंगला पाणी

युसूफने बास गिटार पालथी घातली, मागचे चार स्क्रू काढले आणि आत टॉर्च मारली. एरवी तो पाटोद्यात जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरायचा. यंदा विहिरींनाच पाणी नव्हतं, त्यामुळे महिनाभर एकही मोटर जळली नव्हती. तालुक्यातल्या मोटरींची तब्येत इतकी उत्तम कधीच नव्हती.

“सापडलं का, युसूफभाई?” ती वाजवणाऱ्या मुंजाजीने तिसऱ्यांदा विचारलं.

दूध सोसायटीच्या रिकाम्या खोलीत ऑर्केस्ट्राची तालीम चालायची. दूध आटलं होतं. वार्षिक सभा आटली नव्हती. ती संध्याकाळी होती, नंतर गाणी. पण मुंजाजीने गिटार लावली की स्पीकरमधून नुसतं घूंऽऽ. ऑर्केस्ट्राचे मालक आप्पाराव सकाळीच सांगून गेले होते, “सभेपर्यंत हे थांबलं न्हाई तर बास कीबोर्डावर काढू. तू खुर्च्या लाव.”

“तारांना अर्थिंगच न्हाई,” युसूफ म्हणाला.

तारा अडकवलेल्या पट्टीखालून आत जाणारी केसाएवढी वायर तुटली होती. त्याने ती चिमट्यात धरली, श्वास रोखला, डाख दिला. तुटलेली जागा मुंजाजीला नंतर शोधूनही सापडली नाही.

घूंऽऽ मात्र तसंच.

युसूफने गिटारकडे पुन्हा पाहिलंच नाही. स्पीकरच्या वायरीवर बोट ठेवून तो निघाला : प्लग, बोर्ड, भिंत, दार, आणि मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा. त्याने पायाने माती उकरली. धूळ उडाली.

“गिटारचं काम झालं. आता जमीनच कोरडी हाय. मूठभर मीठ अन् घागरभर पाणी लागंल.”

टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. भरलेली घागर एकच होती आणि ती सोसायटी झाडणाऱ्या छबुबाईच्या कमरेवर होती.

“माणसं तहानली अन् तुमी भुईला पाजता व्हय?”

“भुईला न्हाई मावशी, गिटारला.”

“मग तर लईच शहाणे!”

मुंजाजीने आत जाऊन जाडी तार एकदा छेडली. दुधाचे रिकामे कॅन थरथरले. दारातल्या छबुबाईने पोटावर हात ठेवला.

“हितं वाजतंय रं.”

युसूफने मीठ टाकलेल्या खड्ड्याकडे ती वळली. अर्धी घागर ओतून थांबली. मग उरलेलीही ओतली.

मुंजाजीने तारांवर बोटं टेकवली. घूंऽऽ गेलं. खोलीत माशी ऐकू येऊ लागली.

“पिली,” म्हणून युसूफ पेटी आवरू लागला.

संध्याकाळी खुर्च्या आप्पारावांनी स्वतः लावल्या.

तिसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत छबुबाईच्या दोन घागरी होत्या.

“घरटी एकच,” मागची भिवराबाई म्हणाली. “ही दुसरी कुणाची?”

“गिटारची.”

“परवा सभेत वाजली ती?”

“तीच.”

भिवराबाईने आपली घागर वीतभर मागे ओढून जागा केली.